गुणामागे चार आणे

जगात महागडे छंद पुष्कळ आहेत. कुणी घोडे पाळतं, कुणी होडी बाळगतं. पण तिथे पैसे गेले तरी दारात घोडा दिसतो, पाण्यात होडी दिसते. हजार यार्डांवरच्या नेमबाजीत माणूस पैसे नळीत भरतो, चाप ओढतो आणि ते सेकंदाला अडीच हजार फुटांहून अधिक वेगाने सुटून मातीच्या बांधात जाऊन रुततात. अशा छंदात सदाशिव पेठेत वाढलेला माणूस शिरला, तर एक तर छंद सुटेल नाहीतर पेठ सुटेल, अशी आपली समजूत. आमच्या फिनिक्सच्या नानांनी दोन्ही घट्ट धरून ठेवलं आहे.

मराठी मंडळात नानांचा मान मोठा. भर जूनमध्ये एसी बंद पडला की लोक मेकॅनिकच्या आधी नानांना फोन करतात. नाना फोनवरच आवाज ऐकतात, "कपॅसिटर गेलाय, वीस डॉलरचं काम आहे, दोनशे देऊ नका," म्हणतात आणि फोन ठेवतात. कारण त्यांच्या फोनची मिनिटं अमर्याद असली, तरी त्यांचा त्यावर अजून विश्वास बसलेला नाही. चिपच्या कारखान्यात उभी हयात काढली, घराचं कर्ज मुदतीआधी फेडलं, दोन्ही मुलं मार्गी लागली. निवृत्त माणसाने आता एखादा वायफळ खर्च करायला हरकत नाही, असं मुलांनीच सुचवलं. नाना म्हणाले, "करतोच आहे की. फक्त तो वायफळ जाऊ देत नाही."

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. शनिवारवाड्यापाशी पालथं पडायचं आणि मंडईच्याही पलीकडे ठेवलेल्या ताटलीवर नेम धरायचा, असा हा मामला. दहा गुणांचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं. त्याच्या पोटात पाच इंचांचं आणखी एक, त्याला 'एक्स' म्हणतात. बरोबरी झाली की ज्याचे एक्स जास्त तो वर. वीस गोळ्या, दोनशे गुण. गोळीला तिथे पोचायला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात ती तीसेक फूट खाली येते. ते खाली येणं बिचारं प्रामाणिक असतं, रोज तेवढंच, म्हणून दुर्बिणीवर आकडा लावून मोकळं होता येतं. बेइमान असतो तो वारा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा गोळीला सहा फुटांहून जास्त ढकलतो, म्हणजे वाऱ्याने एखाद्या मैलाचा जरी फरक केला, तरी दहाचे नऊ होतात.

नानांचा प्रकार 'एफ-टीआर'. यातला 'एफ' हा जॉर्ज फार्कुहारसन या कॅनेडियन नेमबाजाच्या नावातला. वय झालं, डोळे दगा देऊ लागले, हात थरथरू लागले, तरी मैदान सुटेना, अशा मंडळींना दुर्बीण आणि टेकू वापरू द्यावा ही त्याची कल्पना. नानांना ती फार पटली. काडतूस दोनपैकीच एक, .३०८ विंचेस्टर किंवा .२२३ रेमिंग्टन. बंदूक, दुर्बीण आणि पुढची दुपायी घोडी मिळून वजन सव्वाआठ किलोच्या आत. नानांनी .३०८ घेतली. नव्या, वेगवान काडतुसांचे गुण कुणी सांगू लागलं की ते शांतपणे विचारतात, "नळी किती टिकते?" समोरचा पंधराशे म्हणतो. नाना म्हणतात, "माझी चार हजार."

आता हे खूळ डोक्यात शिरलं कसं? शाळेत एनसीसीला होते तेव्हा कँपमध्ये पाच गोळ्या मारायला मिळाल्या होत्या. पालथं पडून, .२२ रायफलीने. गोळ्या कुठे गेल्या हे नानांना आठवत नाही. पण हवालदाराने पाचही रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतल्या आणि एका पोराची पुंगळी गवतात हरवली तेव्हा अख्ख्या प्लॅटूनला गुडघ्यांवर बसवून ती शोधायला लावली, हे त्यांना लख्ख आठवतं. "काय शिस्त होती!" ते म्हणतात. माझ्या मते नाना त्या दिवशी नेमबाजीच्या नव्हे, पुंगळीच्या प्रेमात पडले.

अमेरिकेत आल्यावर हौस पुन्हा उफाळली, पण एक अडचण होती. एच-वन बीसारख्या हंगामी व्हिसावरच्या माणसाला तिथला कायदा एरवी बंदूक घेऊ देत नाही. मात्र त्याच्याकडे शिकारीचा वैध परवाना असेल तर देतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षं जाणार होती आणि शिकारीचा परवाना थोडक्या डॉलरांत मिळत होता. नानांनी हिशेब केला आणि अंड्याच्या केकलाही हात न लावणारा हा माणूस खिशात शिकारीचा परवाना घेऊन हिंडू लागला. दर वर्षी तो न चुकता नवा करायचा आणि ससासुद्धा मारायचा नाही. कुणी छेडलंच तर नाना १९३७ सालचा पिटमन-रॉबर्टसन कायदा काढतात: रायफलींवर आणि काडतुसांवर अकरा टक्के अबकारी कर, आणि तो वन्यजीवांच्या रक्षणासाठी राखून ठेवलेला. "मी बंदूक घेतली तेव्हा अकरा टक्के हरणांना दिले. तुम्ही काय दिलंत?" समोरचा मांसाहारी माणूस निरुत्तर होतो.

शहराच्या उत्तरेला राज्याच्या वन्यजीव खात्याचं बेन ॲव्हरी हे मैदान आहे. महिन्यातला एक शनिवार नाना तिथे असतात. उन्हाळ्यात दुपारी पंचेचाळीस अंश होतं म्हणून सामना पहाटेच उभा राहतो. इतरांच्या गाड्यांतून चाकांच्या पेट्या, घड्या पडणारी गाड्यांएवढी टेबलं, शिवून घेतलेल्या चटया उतरतात. नानांच्या गाडीतून एक सतरंजी उतरते. तिच्यावर कोपऱ्यात अजून लग्नाच्या जानवसघराचा शिक्का आहे. दस्त्याखाली ठेवायची वाळूची पिशवी वहिनींनी मुलाच्या जुन्या जीन्सच्या पायाची शिवली आहे. आतली वाळू सोनोरन वाळवंटातली. "ॲरिझोनात वाळू विकत घेणारी माणसं आहेत," नाना हळहळून सांगतात. काडतुसं उन्हात तापली की दारू जरा जास्त जोर करते आणि गोळी वर जाते, म्हणून ती डब्याच्या थंड पिशवीत, दशम्यांच्या शेजारी. सामन्याआधी बंदुकीचं वजन तपासायला त्यांच्याकडे हातात धरायचा हुकाचा काटा आहे. भारतात जाताना तेवीस किलोंची बॅग ज्याला टांगतात, तोच. अधिकृत काटा सव्वाआठ किलो दाखवायच्या आधी नानांचा काटा दाखवतो, आणि दहा ग्रॅमचा फरक पडला तर नाना अधिकृत काट्याकडे संशयाने बघतात.

खरे नाना बघायचे तर त्यांच्या गॅरेजमध्ये जावं. दुकानात सामन्याच्या दर्जाचं एक काडतूस दोन डॉलरच्या पुढे पडतं. घरी भरलं तर साधारण निम्म्यात. पुंगळी तीच पुन्हा पुन्हा वापरायची. वापरलेली टिकली काढायची, पुंगळी साच्यात दाबून मापात आणायची, नवी टिकली बसवायची, दारू घालायची, वर गोळी बसवायची. दारू मोजायला जुन्या बाजारातून आणलेला दांडीचा तराजू आहे. त्याला सेल लागत नाही, हा त्याचा पहिला गुण. साडेत्रेचाळीस ग्रेन दारू, त्यात तीन-चार कण इकडे की तिकडे इतकाच फरक चालतो. नाना श्वास रोखून चिमटीतून एकेक कण पारड्यात सोडतात, दांडी डुलते, स्थिरावते. मग ते चष्मा वर करून आपल्याकडे बघतात. शंभर काडतुसं भरायला एक रविवार जातो. त्या रविवारची मजुरी ते हिशेबात धरत नाहीत. धरली असती तर दुकानातलं काडतूस स्वस्त पडलं असतं, हे त्यांना एकदा त्यांच्या जावयाने दाखवून दिलं. त्यानंतर जावयाला गॅरेजमध्ये प्रवेश नाही.

गोळीचं वजन एकशे पंच्याऐंशी ग्रेन. ब्रिटिशांनी १८३३ साली आपला तोळा एकशे ऐंशी ग्रेनचा ठरवून दिला होता, म्हणजे नाना दर खेपेला तोळ्याहून किंचित जास्त माल उडवतात. तांब्याच्या कवचातलं शिसंच ते, पण हा तोळ्याचा हिशेब त्यांनी उत्साहाने घरी सांगितला आणि पस्तावले. "वीस-बावीस तोळे मातीत घालून येतात," वहिनी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आणि मी एक पाटली म्हटली तर सोन्याचा भाव बघतात."

वापरलेल्या पुंगळ्या साफ करायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा लागतो. बंदुकीच्या दुकानात तो महाग. नानांनी शोध लावला की अगदी तसाच भुगा पाळीव प्राण्यांच्या दुकानात पालींच्या पिंजऱ्यात अंथरायला मिळतो आणि बराच स्वस्त पडतो. काउंटरवरची मुलगी प्रेमाने विचारते, "पाल कशी आहे तुमची?" नाना म्हणतात, "मजेत." मध्यंतरी तिने पालीचं नाव विचारलं. नानांनी क्षणभर विचार करून 'कुमुद' सांगितलं. कुमुद हे वहिनींचं नाव. ही गोष्ट वहिनींपर्यंत कशी पोचली हा मंडळात अजून चौकशीचा विषय आहे.

फारच काळवंडलेल्या पुंगळ्या लिंबाच्या फुलाच्या पाण्यात बुडवून धुवायच्या आणि वाळवायच्या. यासाठी लोक विजेची यंत्रं घेतात. फिनिक्समध्ये सूर्य असताना यंत्र घेणं नानांना पापच वाटतं. मे महिन्यात त्यांच्या परसात दोन बाजा दिसतात. एकीवर वहिनींचे सांडगे आणि कुरडया, दुसरीवर नानांच्या पितळी पुंगळ्या, लखलखीत, ओळीने उभ्या. पुंगळ्यांना शिशाचा अंश लागलेला असतो म्हणून दोन बाजांत दहा फुटांचं अंतर आणि कापड वेगळं, हा वहिनींचा कायदा. एकदा वारं सुटलं आणि नानांच्या बाजेवरचं धोतराचं पान उडून सांडग्यांवर गेलं. ती आख्खी बाज वहिनींनी कचऱ्यात टाकली आणि सांडग्यांची किंमत नानांच्या वहीत लिहायला लावली.

ही वही म्हणजे नानांचा प्राण. बहुतेक नेमबाज वही ठेवतात: तारीख, तापमान, वारा, गोळी कुठे लागली. नानांच्या वहीत याखेरीज उजवीकडे एक उभा रकाना आहे. बावीस काडतुसं, म्हणजे वीस मोजायची आणि दोन चाचणीची, प्रवेशशुल्काचा वाटा, पेट्रोल, आणि नळीची झीज. नवी नळी बसवायला किती लागतील ते चार हजारांनी भागून दर गोळीमागे काही सेंट. सगळ्याची बेरीज, तिला मिळालेल्या गुणांनी भागायचं. येतं ते खरं उत्तर. नानांचा हा आकडा चार आण्यांच्या आत असतो. एकशे ब्याण्णव गुण कितीही चांगले असोत, ते सव्वीस सेंटांनी पडले असतील तर घरी येताना गाडीत रेडिओ लागत नाही.

दारू आणि टिकल्या घरपोच मागवल्या तर धोकादायक माल म्हणून वर वेगळं शुल्क बसतं, पार्सल लहान असो की मोठं. त्यावर नानांनी सातआठ गोऱ्या नेमबाजांची भिशी काढली. सगळ्यांची मागणी एकत्र, शुल्क एकदाच, पार्सल दर खेपेला वेगळ्याच्या घरी. काउबॉय हॅट घातलेले दोन पशुपालक, एक निवृत्त मरीन आणि एक शाळाबस चालवणाऱ्या बाई आता महिन्याच्या पहिल्या रविवारी नानांच्या गॅरेजमध्ये जमून वहिनींचे पोहे खातात. २०२० नंतर टिकल्या बाजारातून नाहीशाच झाल्या, तेव्हा या मंडळींना नानांनी रेशनवर जगायला शिकवलं. तो काळ त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता, असं मला वाटतं. टंचाई असली की नानांच्या चेहऱ्यावर तेज येतं.

मैदानावर प्रत्येकाला एक पाळी खड्ड्यात उतरावं लागतं. निशाण्यांखाली काँक्रीटचा खंदक आहे. गोळी डोक्यावरून चाबूक फटकारल्यासारखा आवाज करत जाते, मग निशाणा खाली ओढायचा, भोकात चकती खोचायची, जुन्या भोकावर कागदाचा चौकोन चिकटवायचा आणि निशाणा पुन्हा वर ढकलायचा. बाकीचे हे काम उरकतात. नाना चौकोनाचे दोन त्रिकोण करतात. .३०८ च्या भोकाला अर्धा पुरतो.

पण वाऱ्याची गोष्ट वेगळी. मैदानाच्या कडेला झेंडे असतात, ते सगळेच बघतात. नाना दुर्बिणीतून मृगजळ बघतात. तापलेल्या जमिनीवरची हवा लाटालाटांनी सरकते. वारा डावीकडून असला की लाटा उजवीकडे धावतात, वारा पडला की भांड्यातल्या आधणासारख्या सरळ वर उकळतात. पुराणकाळापासून मृगजळाने माणसांना फसवलं, नाना त्याच्याकडून माहिती काढतात. "बंदूक पैशाने मिळते, दुर्बीण पैशाने मिळते," ते म्हणतात. "वारा सगळ्यांना सारखाच, आणि फुकट." शेवटचा शब्द उच्चारताना आवाज जरा हळवा होतो.

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. मंडळाने पेढे वाटले आणि कुणीतरी म्हणालं, "नाना, पन्नास मीटर म्हणजे तुमच्यापुढे काहीच नाही!" नाना संतापले. "त्याचं दहाचं वर्तुळ साडेदहा मिलिमीटरसुद्धा नाही. पन्नास मीटरवरून ते डोळ्याला माझ्या ताटलीपेक्षा लहान पडतं. त्यात दुर्बीण नाही, टेकू नाही, आणि उभ्यानेही मारायचं. मी तर सतरंजीवर लोळतो." मग पेढा खाल्ला आणि विचारलं, "तो रेल्वेत आहे ना? पास असेल. प्रवासखर्च वाचतो."

या सुरळीत संसारात डॉक्टर आले. मंडळातलेच, दातांचे. त्यांना कुणीतरी सांगितलं की नेमबाजीने रक्तदाब उतरतो. नाना हरखले. एक अख्खा नवा माणूस, पहिल्या डॉलरपासून वाचवायला! त्यांनी रात्री जागून यादी केली: जुनी रायफल कुठे मिळेल, दुर्बीण कुणाची उतरवायची. शनिवारी यादी घेऊन पोचले तर डॉक्टर आधीच येऊन बसले होते. 'एफ-ओपन' प्रकारातली, खास घडवून घेतलेली बंदूक, तिच्याखाली ऐरणीएवढा टेकू, आणि पेटीला चाकं. नानांनी किंमत विचारली. मग वही काढून डॉक्टरांच्या पहिल्या दिवसाचा भागाकार केला. गुणामागे साडेचौदा डॉलर आले. नाना तिथल्या तिथे सतरंजीवर बसले. वहिनींनी डब्याच्या पिशवीतून ताक काढून दिलं.

आणि इतकं करून डॉक्टरांचे गुण यायचे नाहीत, कारण वारा दुकानात मिळत नव्हता. वैयक्तिक सामन्यात दुसऱ्याने सांगायला बंदी, पण सांघिक सामन्यात वारा वाचणारा मार्गदर्शक चालतो. क्लबच्या सांघिक सामन्याला चार नेमबाज ठरले, चौघेही भारी बंदुकांवाले, आणि मार्गदर्शक म्हणून नाना. डॉक्टर पालथे पडले, नाना मागे दुर्बिणीला डोळा लावून, कोनाच्या मिनिटांत वारा सांगत.

"दीड मिनिट डावीकडे. थांबा... थांबा, उकळतंय. थांबा हो! आता. मारा."

निशाणा खाली गेला, वर आला. एक्स.

"पाव मिनिट परत. मारा, मारा, मारा!"

एक्स. डॉक्टरांनी आयुष्यात प्रथमच एकशे शहाण्णव मारले. चौघांचे मिळून सातशे चौऱ्याहत्तर झाले, संघ पहिला आला. लोकांनी नानांची पाठ थोपटली. निवृत्त मरीनने हॅट काढली. क्लबने तिथेच ठराव केला की नानांनी कायमचं मार्गदर्शक व्हावं. प्रवेशशुल्क माफ, पेट्रोल डॉक्टर देतील, आणि स्वतः मारायची हौस आलीच तर काडतुसंही संघाची.

मला वाटलं, नानांना स्वर्ग मिळाला. दोनतीन सामने ते गेलेही. पण चेहरा उतरत चालला. गॅरेजमधला तराजू झाकून ठेवला होता, परसातली दुसरी बाज रिकामी होती आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या मुलीने कुमुदची काळजी केली होती. शेवटी वहिनींनी मला बोलावून घेतलं. मी म्हटलं, "नाना, अहो, सगळं फुकट आहे. आणखी काय पाहिजे?"

नानांनी वही पुढे केली. डावीकडे भरगच्च आकडे, उजवीकडच्या रकान्यात ओळीने शून्यं.

"फुकटात वाचवायचं काय, सांगा," ते म्हणाले. "बंदूक त्यांची, गोळी त्यांची, नळी त्यांची झिजते. मी नुसता बरोबर सांगतो. बरोबर काय, कुणीही सांगेल."

पुढच्या महिन्यात नानांनी राजीनामा दिला. आता डॉक्टर हिशेबाची वही घेऊन त्यांच्याकडे शिकायला येतात, आणि परवा त्यांनी भीतभीत अक्रोडाच्या भुग्याची चौकशी केली. नाना पुन्हा स्वतःच्या सतरंजीवर दिसू लागले. परवाच्या शनिवारी वारा वेड्यासारखा फिरत होता आणि नानांचं गणित चारपाचदा साफ चुकलं. संपल्यावर ते बोनेटवर वही ठेवून बेरजा करत होते. मी जवळ गेलो तर चेहरा खुललेला.

"एकवीस सेंट!" ते म्हणाले. "मागच्या खेपेपेक्षा दीड सेंट खाली."

मी विचारलं, दहा किती लागले? ते बघायला त्यांना वही पुन्हा उघडावी लागली.